करंगळीएवढी धार आणि एक गोपनीय फोल्डर

"या घरात यापुढे कुणीही कुणाला 'ते कुठंय?' असं विचारणार नाही!" श्रीनिवासराव सेलूकरांनी घोषणा केली आणि टेबलावर मूठ आपटली. टेबलावरची वाटी उडाली, वाटीतली शेंगदाण्याची चटणी उडाली, आणि सरोजिनीबाईंनी शांतपणे विचारलं, "पुसायचं फडकं कुठंय?"

श्रीनिवासराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली होती. चौतीस वर्षं त्यांनी धरणांच्या, कालव्यांच्या आणि पाटचाऱ्यांच्या फायली सांभाळल्या. एवढ्या पाण्याशी कागदोपत्री संबंध आलेल्या माणसानं निवृत्तीनंतर घर घेतलं ते मात्र अशा ठिकाणी, जिथं पाणी फक्त बिल्डरच्या माहितीपत्रकात होतं. चिकलठाणा विमानतळाच्या पलीकडची ही 'गोदासरोवर रो-हाउसेस'. माहितीपत्रकात कारंजं होतं, कारंज्याशेजारी हरीण होतं. प्रत्यक्षात चोवीस घरं होती, चोवीस कोरडे नळ होते आणि डोक्यावरून दिवसातून चार विमानं जात होती.

साल दोन हजार सोळा. शहराचं नाव बदलायला अजून अवकाश होता, पण हद्द रोज बदलत होती. जायकवाडीत गाळ उरला होता, लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं, आणि सेलूकरांच्या गल्लीत आठ दिवसांनी एकदा येणारा टँकर निम्मं पाणी रस्त्याला पाजूनच आत शिरायचा. त्यामुळे श्रीनिवासराव सतत संतापलेले असत. तसे ते पाऊस चांगला झाला तेव्हाही संतापलेले असत, पण दुष्काळात त्यांच्या संतापाला सबळ कारण मिळालं होतं. डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. ते रोज अर्धा तास चिडून चालायचे.

तर योजना अशी होती. मुलगी हिमानी पुण्याला नोकरीला गेली, तेव्हापासून तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर माळ्यावर पडला होता. तो खाली काढायचा. त्याला मोठी हार्ड डिस्क लावायची. घरातले सगळे फोटो, लग्नाच्या कॅसेटवरून काढलेला व्हिडिओ, विजेची बिलं, फ्रिजच्या वॉरंटीचा कागद, सगळं त्यात भरायचं. मग ते हॉलमधल्या टीव्हीवर बटण दाबताच दिसलं पाहिजे, आणि पुण्यात बसलेल्या हिमानीलाही हवी ती फाइल तिथल्या तिथं उघडता आली पाहिजे.

"याला गृह माध्यम केंद्र म्हणतात," श्रीनिवासराव म्हणाले.

"आमच्याकडे याला पसारा म्हणतात," सरोजिनीबाई म्हणाल्या.

उभारणीच्या दिवशी हिमानी फोनवर होती आणि पुण्याहूनच तिनं कॉम्प्युटरचा ताबा घेतला होता. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला, तसे श्रीनिवासराव माउसवर झडप घालून ओरडले, "सोड! माझा माउस सोड!"

"बाबा, मी सेटिंग करतेय. तुम्ही हात लावू नका."

"माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या नाकासमोर तू पुण्याहून माउस फिरवणार आणि मी हात लावायचा नाही?"

दहा मिनिटं तो बाण बापलेकीत रस्सीखेचीच्या दोरासारखा ताणला गेला. मग मधोमध एक चौकट उगवली. या फायली कुणाला दिसू द्यायच्या, असं काहीसं ती विचारत होती.

"बाबा, इथं थांबा. हे आधी नीट वाचा—"

"मला वाचायला शिकवतेस? चौतीस वर्षांत मी न वाचता एक कागद पुढं पाठवला नाही! 'घरातल्या नेटवर्कवरचे सर्व' म्हणजे मी आणि तुझी आई. या घरात लपवण्यासारखं आहे काय?"

आणि त्यांनी न वाचता बटण दाबलं.

आता शेजारच्या कडुबा खरातांविषयी सांगायला हवं, कारण सेलूकरांचा संसार त्यांच्या पाइपावर चालला होता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य घालवलेला हा शांत माणूस, मूळ चितेगावचा. निवृत्तीचा पैसा आला तसा इतरांनी सोफे घेतले, खरातांनी बोअर घेतली. सगळ्या गल्लीत तिलाच पाणी लागलं होतं. सकाळी ते ओळीतल्या घरांना चार-चार घागरी द्यायचे, आणि शेजारी म्हणून सेलूकरांच्या गच्चीवरच्या टाकीत रोज संध्याकाळी सात वाजता पाइप सोडायचे. श्रीनिवासरावांनी पैशाची गोष्ट काढली तेव्हा खरात म्हणाले होते, "पान्याचे कसले पैशे सायेब? ते तुमचं इंटरनेट थोडं द्या. लेकानं, आकाशनं, नवा टीव्ही धाडलाय, आईला त्याच्यावर भीमगीतं बघायची असत्यात."

श्रीनिवासरावांनी वाय-फायचा पासवर्ड कोऱ्या कागदावर लिहून दिला, खाली सही केली, तारीख घातली आणि कार्बनप्रतीवर खरातांकडून पोच घेतली. पोच फायलीत लावली. फाइल कपाटात गेली. आणि कपाट बंद होताच हा सगळा व्यवहार श्रीनिवासरावांच्या डोक्यातूनही निघून गेला, कारण फायलीत लागलेली गोष्ट लक्षात ठेवायची नसते, हे त्यांच्या खात्याचं तत्त्व होतं.

पाणी येत होतं, पण श्रीनिवासरावांना त्यातही हरकतीचे मुद्दे दिसत होते. तोंडावर बोलायची सोय नव्हती, कारण पाइप खरातांचा होता. आणि मनात ठेवायची सवय नव्हती. म्हणून रोज सात वाजता ते मोबाइल घेऊन टाकीपाशी उभे राहू लागले आणि तक्रार चित्रित करू लागले, हेडक्लार्कला शोभेल अशी.

"जावक क्रमांक पाच. दिनांक अकरा एप्रिल. वेळ सात वाजून चार मिनिटं. चार मिनिटं उशीर! धारेची जाडी करंगळीएवढी. काल अंगठ्याएवढी होती. मधल्या चोवीस तासांत एक बोट कुठं गेलं, याचा खुलासा नाही! व्हॉल्व्ह सात वाजता उघडायचा असं ठरलं, पण बंद कधी करायचा याला काही नियम? काही धरबंध? काल साडेसात, परवा सात दहा! पाइप काळा असून त्याला रबराचा वास येतो. सकाळच्या चहाला तो वास आला. मी टायर प्यालो की चहा प्यालो, हे मला सांगता येणार नाही!"

हे व्हिडिओ मोबाइलमधून आपोआप कॉम्प्युटरवर जातील अशी व्यवस्था त्यांनी करून घेतली होती आणि त्या फोल्डरला नाव दिलं होतं, 'पाणी – गोपनीय'. गोपनीय असं लिहिलं की ते गोपनीय होतं, अशी त्यांची श्रद्धा होती. वास्तविक त्यांच्या कचेरीत ज्या पाकिटावर हा शब्द असे ते पाकीट शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे आधी उघडत. पण श्रद्धेचं असंच असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गच्चीवर गेले तर काळा पाइप गायब! त्या जागी कोरा हिरवा पाइप. आणि घड्याळात बरोबर सात.

श्रीनिवासराव खूश व्हायला हवे होते. ते जिन्यावरून धडधडत खाली आले.

"सरोजिनी! तू खरातांकडे काही बोललीस?"

"काय बोलू?"

"पाइपाच्या वासाचं!"

"अहो, मी त्यांच्याकडे गेले होते ते विरजण आणायला."

"विरजणाच्या नावाखाली फितुरी! माझ्या घरात!"

"फितुरी कसली? किल्ला आहे का हा? पाणी सुद्धा शेजाऱ्याचं आहे!" असं म्हणून सरोजिनीबाईंनी त्या दिवशी ताकाची कढी केली नाही. शिक्षा म्हणून नव्हे. विरजण रागात सांडलं होतं.

त्यानंतर रोज असंच होऊ लागलं. शेळी पाइप चघळते अशी तक्रार नोंदवली, की दुसऱ्या दिवशी शेळी दुसऱ्या खुंटीला. पाण्यात शेवाळाचा तुकडा आला असं म्हटलं, की पाइपाच्या तोंडाला स्वच्छ मलमलीचं फडकं. श्रीनिवासरावांचं डोकं भणभणलं. तक्रारीवर कार्यवाही होते आहे, आणि तीही चोवीस तासांत! म्हणजे यात नक्कीच काळंबेरं आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असा प्रकार पाहिला नव्हता.

त्यांनी सापळा लावला. न्हाणीघरात शिरून, कडी लावून, कुजबुजत्या आवाजात चित्रण केलं, "जावक क्रमांक चौदा. पाण्याला रॉकेलचा वास येतो." सरोजिनीबाई तेव्हा समोरच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. भिंतींना कान असले तरी न्हाणीच्या भिंतींना फरशा होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुंपणावरून पाहिलं. खरात पाइपाचं तोंड नाकाशी धरून वास घेत होते. मग त्यांनी तो आपल्या ऐंशीच्या घरातल्या आईच्या, भामाबाईंच्या, नाकाशी धरला. भामाबाईंनी मान हलवली. शेवटी दोघांनी पाणी शेळीला पाजून पाहिलं आणि दोघं शेळीच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहत राहिले.

श्रीनिवासरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. बायको निर्दोष होती. मग उरलं कोण? या फोल्डरमध्ये घराबाहेरून शिरू शकणारी व्यक्ती जगात एकच होती!

"हिमानी!" त्यांनी फोनवर गर्जना केली. "पुणे शाखेचे सर्व अधिकार आजपासून गोठवण्यात येत आहेत!"

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. कसली शाखा?"

"मुलगी असून खरातांना सामील झालीस!"

"कोण खरात?"

"हेच! हेच फितूर माणूस आधी विचारतो!"

त्यांनी फोन आपटला आणि तासभर खटपट करून हिमानीचा दरवाजा बंद केला. पुणे पूर्ण बाहेर. आता फोल्डर बघणारं कुणी उरलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी आयुष्यातली सर्वोत्कृष्ट तक्रार नोंदवली, जावक क्रमांक सतरा, कालावधी बावीस मिनिटं. त्यात धार होती, व्हॉल्व्ह होता, शेळी होती, बिल्डरचं हरीण होतं आणि एकूणच माणुसकीचा ऱ्हास होता. टाकी त्या दिवशी काठोकाठ भरून वाहिली, पण इकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

आठच्या सुमाराला ते अंगणात हात मागं बांधून चिडून फिरत होते. अचानक थबकले. कुंपणापलीकडून एक खणखणीत आवाज येत होता. "धारेची जाडी करंगळीएवढी!" आणि त्यापाठोपाठ दहा-बारा माणसांचं हसणं.

कुणीतरी त्यांची नक्कल करत होतं! आणि काय हुबेहूब करत होतं!

श्रीनिवासराव चप्पल न घालता खरातांच्या दारात जाऊन थडकले. हॉलमध्ये गल्लीतली निम्मी माणसं मांडी घालून बसली होती. मध्ये परातीत भाजलेल्या शेंगा. आणि समोर त्रेचाळीस इंची टीव्हीवर स्वतः श्रीनिवासराव! मोबाइल कमरेशी धरून चित्रण केल्यामुळे त्यांच्या नाकपुड्या दौलताबादच्या किल्ल्यातल्या भुयारासारख्या दिसत होत्या.

"या, या सायेब!" खरातांनी उठून जागा करून दिली. "बसा. तुमचंच चालू हाय."

"हे... हे काय आहे?"

"आजचा भाग. सतरावा. लई रंगलाय."

"हा माझा गोपनीय फोल्डर आहे!"

"व्हय, तसं लिवलंय वर. आमाला वाटलं ते मालिकेचं नाव आसंल."

श्रीनिवासरावांनी तिथूनच हिमानीला फोन लावला. "आपल्यावर दरोडा पडलाय! सगळं हॅक झालंय!"

पलीकडून एक दीर्घ उसासा आला. "बाबा, वाय-फायचा पासवर्ड कुणाला दिलाय?"

"कुणालाही नाही! मी मूर्ख आहे का?"

तेवढ्यात, कुंपणाआडून सगळं ऐकून, मागून सरोजिनीबाई आल्या. हातात फाइल होती. फायलीत कार्बनप्रत होती. तीवर श्रीनिवासरावांची सही होती आणि 'मूळ प्रत मिळाली, क. खरात' अशी पोच होती. अकरा वर्षं जुनी रिकामी फाइल पुन्हा वापरली होती, तेही वर नोंदवलेलं होतं.

"मग त्यांचा टीव्हीसुद्धा आपल्याच नेटवर्कवर आहे," हिमानी फोनमधून म्हणाली. "आणि तुम्ही 'सर्व' दाबलं होतं. मी वाचा म्हणाले होते." तिनं फोन ठेवला. ठेवण्यापूर्वी ती हसत होती, हे सर्वांना ऐकू आलं.

आता मात्र श्रीनिवासरावांना हिरवा पाइप आठवला. राग जिथल्या तिथं गोठला. हा पाइप बंद झाला तर? टँकर पाच दिवसांनी येणार. भरलेली टाकी पुरणार फार तर दोन दिवस. ते खरातांकडे पाहून म्हणाले, "खरात, तुम्ही मनावर घेऊ नका. खरं सांगतो, या घराविरुद्ध माझी काहीएक तक्रार नाही."

"या घराविरुद्ध माझी तक्रार अशी," मागून टीव्हीतले श्रीनिवासराव गरजले, "की यांना मोजमाप कशाशी खातात हे ठाऊक नाही!"

हॉलभर शेंगांची टरफलं उडाली. कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेल्या भामाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बस रं बाबा, घाबरू नको. पाइप बंद करायचा आसता तर पयल्याच दिवशी केला आसता. आरं, मी नवी नवरी व्हते तवा आमी चितेगावच्या हिरीवर घागर घेऊन आल्याड बसायचो. आपल्या हातानं शेंदायची मुभा नव्हती. कोन येऊन वरून वाढंल त्याची वाट बघायची. वाढनारा वाढायचा थेंबभर आन् बोलायचा घागरभर! आता वाढतो आमी, आन् बोलनं पुन्ना तुमचंच! म्हून मला लई हसू येतं. तू बोल. तुजं बोलनं आइकल्याबिगर माजा घास उतरत नाय."

हसणं थांबलं. सरोजिनीबाई खाली पाहत होत्या. श्रीनिवासरावांनी त्यांच्या हातातली फाइल घेऊन काखेत मारली. ते अनवाणीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ते गच्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. "जावक क्रमांक अठरा. धार उत्तम. वेळ अचूक. आभारी आहे."

कालावधी अकरा सेकंद. आणि खालून व्हॉल्व्ह बंद झाल्याचा आवाज आला. टाकीत आलं होतं ते जेमतेम दोन बादल्या पाणी.

क्रमांक एकोणीस, नऊ सेकंद. दीड बादली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सरोजिनीबाईंनी रिकामं पिंप श्रीनिवासरावांच्या पुढ्यात आणून उपडं केलं. त्यातून मोजून दोन थेंब पडले. मग त्या स्वतःच कुंपणाशी गेल्या आणि खरातांना स्पष्टच विचारलं.

खरात ओशाळले. "वैनी, खरं सांगू का? मी खाली व्हॉल्व्हपाशी हुबा राहून सायेबांचं बोलनं आइकत असतो. त्यांचं संपलं की बंद करतो. मधीच कसा करायचा? बोलत्या मानसाला तोडू नाय. पन आता त्ये सुरू व्हायच्या आधीच संपायलेत!"

सरोजिनीबाई तरातरा घरी आल्या. एकतीस वर्षांच्या संसारात जे वाक्य आपण उच्चारू असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं, ते त्या बोलल्या. "अहो, चिडा!"

"आं?"

"तुम्ही आरडाओरडा करत होता तेव्हा टाकी भरत होती. तुमच्या आभारात भांडी घासून होत नाहीत! आज सात वाजता चांगले अर्धा तास चिडा!"

श्रीनिवासरावांनी प्रामाणिक प्रयत्न केला. आरशासमोर उभे राहून भुवया चढवल्या. "मला राग आलेला आहे," ते म्हणाले. आरशातल्या माणसाला ते पटलं नाही. बिल्डर आठवला, हरीण आठवलं, रस्त्याला पाणी पाजणारा टँकरवाला आठवला. पण दर वेळी मध्येच घागर घेऊन विहिरीच्या आल्याड बसलेली एक नवी नवरी दिसायची, आणि राग घशातच विरघळायचा. जन्मभर फुकट मिळालेली गोष्ट नेमकी गरजेच्या वेळी संपली होती.

पावणेसात झाले. हताश होऊन ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि सवयीनं फोल्डरमधल्या फायली मोजल्या. जावक एकोणीस. फायली वीस.

त्यांनी पुन्हा मोजल्या. वीस! बघायची मुभा त्यांनी सर्वांना दिली होती, तशी आपली फाइल आत ठेवायचीही दिली होती; तीही न वाचताच.

विसावी फाइल उघडली. पडद्यावर खाटेवर बसलेल्या भामाबाई अवतरल्या. खरातांचा मोबाइल त्यांनी हिरवा पाइप धरावा तसा समोर धरला असावा, कारण त्यांचा हात पडद्यात शिरला होता.

"आवक नंबर एक," भामाबाई म्हणाल्या. "तारीख आजची. येळ जेवनाची. सेलूकर तीन दिसांपासून ग्वाड बोलायलेत. आमाला ग्वाड बोलनाऱ्या मानसाचं भ्या वाटतं. पयल्यासारखं बोलावं. फोन जरा वर धरावा, नाकातलं दिसतंय. कारवाई व्हावी."

श्रीनिवासराव खुर्चीतून उठले. कपाळावरची शीर टरारली. नाकपुड्या फुलल्या. सरोजिनीबाईंनी लगबगीनं पिंप नळाखाली सरकवलं.

"आवक?" श्रीनिवासराव ओरडले. "आवक? अहो, आपल्याकडून जातं ते जावक! दुसऱ्याकडून येतं ते आवक! त्यांनी पाठवलेलं पत्र त्यांच्या दप्तरी जावक असतं, आवक होतं ते माझ्या दप्तरी! आणि ते मी नोंदवायचं! क्रमांक मी द्यायचा! माझ्या फोल्डरमध्ये, माझ्या नोंदवहीत, परस्पर नंबर टाकतात म्हणजे काय! काही पद्धत आहे की नाही!"

ते एकेका ढांगेत दोन पायऱ्या घेत गच्चीवर पोचले. सात वाजले होते. खाली व्हॉल्व्ह फिरला, हिरवा पाइप फुरफुरला. "जावक क्रमांक वीस! विषय, आवक-जावक विभागात माजलेली बजबजपुरी!" श्रीनिवासराव गरजत होते. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पत्रव्यवहाराची शिस्त झाली, नोंदवहीचं पावित्र्य झालं, कार्बनप्रतीचं महत्त्व झालं. कुंपणापलीकडून भामाबाईंचं खुसखुसणं ऐकू येत होतं आणि धार अंगठ्याएवढी, नव्हे, मनगटाएवढी पडत होती.

पंधराव्या मिनिटाला त्यांना श्वास लागला. ते क्षणभर थांबले.

"अहो, थांबू नका!" खालून सरोजिनीबाई किंचाळल्या. "पिंप अर्धंच झालंय!"

श्रीनिवासरावांनी कपाळावरचा घाम पुसला, घसा खाकरला. मग इकडेतिकडे पाहून फोन जरा वर धरला, नाकातलं दिसू नये म्हणून, आणि नव्या दमानं म्हणाले, "मुद्दा क्रमांक सात!"